कडेचं बघत जा

डिचोली,
रविवार

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला नीट पोचल्याचा मेसेज आईने वाचून दाखवला. तुमच्या नव्या व्हिडिओ गेमसाठी केलेली तुझी तिन्ही चित्रं मोठ्या टीव्हीवर लावून पाहिली, भाऊकाकांनाही बोलावून दाखवली. त्यातलं कोणतं पुढे न्यावं, असं तू विचारलंस. चित्रांविषयीच लिहायला बसलोय. पण एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणाने बोलता येईल. चवथीच्या थोडं आधी डॉक्टरांनी मला काचबिंदू असल्याचं सांगितलं. उजव्या डोळ्यात जास्त आहे, डाव्यात सुरुवात. रात्री थेंब घालतो, आई चुकू देत नाही. तू होतीस तेव्हा बोललो नाही, तू गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधण्यात गुंतलेली होतीस आणि घर माणसांनी भरलेलं होतं. हा आजार रक्ताच्या नात्यात येतो, म्हणून तूही डोळे तपासून घे. एवढंच. आता चित्रं.

पहिल्या चित्रातली चिऱ्यांची भिंत बघून भाऊकाका म्हणाले, ही आपल्या मागच्या दारची. चिऱ्याचं एकेक भोक, त्यातलं शेवाळ, पावसाचा काळा ओघळ, सगळं जसंच्या तसं. हात अप्रतिम आहे तुझा. पण हे चित्र मी निवडणार नाही. खऱ्यासारखं दिसणं हे यंत्राच्या ताकदीवर अवलंबून असतं आणि यंत्रं दर चार-पाच वर्षांनी बदलतात. तूच मला 'विंड वेकर' हा खेळ दाखवलास ना? 2002 सालचा. तो आला तेव्हा लोक नाराज झाले होते, कार्टून केलंय म्हणून. त्या काळातले खऱ्यासारखे दिसणारे किती खेळ आज जुनाट वाटतात, आणि त्याचा समुद्र अजून ताजा आहे. 'ओकामी'चंही तसंच. आधी तो वास्तववादी करायचं घाटत होतं, यंत्राला ते झेपेना, म्हणून जपानी शाईच्या कुंचल्याकडे वळले, आणि 2006 सालच्या त्या खेळातली लांडगीण धावते तिथे उमलणारी फुलं मला अजून दिसतात. हे दोन्ही काटेकोर आरपीजी, म्हणजे तुम्ही करताय तसे पात्र होऊन खेळायचे खेळ, नाहीत, असं तू लगेच म्हणशील. मान्य. पण रंग लावणाऱ्याला त्यातून शिकायला काय हरकत आहे?

म्हणून तुझं तिसरं चित्र. ज्याच्याखाली तू 'सहज केलं' असं लिहिलंयस ते. काव आणि पांढरा, दोनच रंग, आपल्याकडच्या जुन्या भिंतींवरच्या कावी कामासारखे. शर्वरी, ते सहज केलेलं नाही. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा, तो ओला आहे तोवर टोकदार सळीने खरवडून खालचा पांढरा मोकळा करायचा: कावी काम करणाऱ्याला चुकलेली रेघ पुसता येत नसे. आपल्या पावसात टिकलेल्या त्या भिंती मी तुला लहानपणी खांद्यावर बसवून दाखवायचो, तेव्हा तू मोर मोजायचीस. तो मोर या चित्रात आहे. आईने आधी ओळखला.

फक्त सगळा खेळ दोन रंगांत करू नका. खेळणाऱ्याला वाट सापडणार नाही. देवळं, घरं, माणसांनी हाताने केलेलं ते सगळं कावेत ठेवा आणि रान मात्र हिरवं, आपल्या श्रावणातल्यासारखं अंगावर येणारं. मग रानाने गिळलेलं गाव लांबूनही वाचता येईल, पाटी लावावी लागणार नाही.

तुझ्या टेबलावर ते डोळ्यांचे थेंब पाहिले होते, लाली आली की घालतेस ते. मेडिकलवाल्याने दिलेले ना? त्यात स्टिरॉइड आहे का ते विचार. स्टिरॉइडचे थेंब फार दिवस घातले तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, हे मला आता कळलं. बाटली घेऊनच डॉक्टरकडे जा.

तुझ्या दुसऱ्या चित्राविषयी थोडक्यात: जलरंग सुंदर, पण त्यातलं गाव कुणाचं आहे हे मला कळलं नाही. या बाबतीत मला 'मॉरोविंड' हा खेळ अजून सगळ्यांच्या वर वाटतो. 'स्कायरिम' मोठा आहे, देखणा आहे, पण त्याचे बर्फाचे डोंगर आणि लाकडी सभागृहं माणसाने आधी कुठेतरी पाहिलेली असतात. 'मॉरोविंड'मध्ये एका गावाची मुख्य वास्तू भल्याथोरल्या खेकड्याच्या कवचात आहे, प्रवासाला जायचं तर उंच पायांच्या किड्याच्या पाठीवर बसायचं, आणि तिथल्या जादूगारांचे मनोरे म्हणजे वाढवलेल्या अळंब्या. त्या मनोऱ्यांत वर जायला जिनाच नाही. हवेत तरंगता येत असेल तर वर या, नाहीतर खालीच थांबा. ते जादूगार किती गर्विष्ठ आहेत हे कुणी बोलून दाखवायला नको, घरच सांगतं. तुझ्या गावातली घरं काय सांगतात? कुणाला बलकांवावर, पुढच्या ओसरीवर, बसवतात, कुणाला मागच्या दाराने घेतात? हे आधी ठरव, मग रंग लाव.

तांबडी सुर्ल्याचं देऊळ आठव. आजूबाजूला सगळा तांबडा चिरा आणि देऊळ काळ्या दगडाचं. कदंबांच्या काळात तो दगड घाटावरून खाली आणला म्हणतात. तिथे उभं राहिलं की पहिला प्रश्न हाच पडतो, हा इथे आणला कुणी आणि कशासाठी? 'विचर 3' या खेळातल्या वेलेन नावाच्या मुलखात मला असेच प्रश्न पडले होते. चिखल, गवती छपरं, वाऱ्याने वाकणारी झाडं, आणि रस्त्याकडेच्या झाडाला टांगलेली माणसं. सैन्य येऊन गेलंय हे दाखवायला लढाई दाखवावी लागली नाही. त्याच खेळाच्या शेवटच्या भागातलं तुसां, ऊन आणि द्राक्षमळे, दक्षिण फ्रान्सच्या वळणाचं, वेलेनच्या चिखलानंतर येतं म्हणूनच इतकं उजळ वाटतं. आणि 'एल्डन रिंग'मधला तो लाल, सडलेला केलिडचा मुलूख तू खेळत होतीस तेव्हा मी उठून बाहेर गेलो होतो. तुला वाटलं भीती वाटली. तसं नव्हतं. खाणी जोरात होत्या तेव्हा साखळीला जाणाऱ्या रस्त्यावर झाडांची पानं धुळीने त्याच रंगाची असायची. तू तेव्हा फार लहान होतीस.

'मॉरोविंड'मधलं धुकं तुला आवडतं. त्या काळच्या यंत्राला लांबचं दाखवणं झेपत नव्हतं, धुक्याने ते झाकलं, आणि बेट उगाच मोठं वाटू लागलं. चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात होतं तसं. माझ्या डोळ्याचं मात्र तसं नाही. तिथे धुकंसुद्धा दिसत नाही. कडेचं जातं, आणि मेंदू ती जागा आसपासच्या रंगाने भरून टाकतो, म्हणून माणसाला कळतच नाही. तपासणीत एका यंत्रात डोकं ठेवून ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. मी सगळे दाबले असं समजत होतो. मग डॉक्टरांनी कागद दाखवला. उजव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात काळा डाग. इतकी वर्षं मुलांना सांगत आलो की चित्राचे कोपरे मोकळे सोडू नका.

तुझ्या आजीचंही तसंच झालं असावं. माजघराच्या चौकटीला तिचा खांदा लागायचा. नेहमी उजवाच. आम्हाला वाटायचं, वय झालं. ताटातली डावीकडची चटणी ती घ्यायची, उजवीकडची कोशिंबीर तशीच राहायची, आणि तुझी आई बिचारी म्हणायची, त्यांना माझी कोशिंबीर आवडत नाही. शेवटी शेवटी ती बाजूला बसलेल्या माणसाकडे पूर्ण मान वळवून बघायची. तू तिच्या मांडीवर बसून चित्र काढायचीस आणि ती बोटाने कागदाची कड चाचपून तुला म्हणायची, इथं अजून जागा आहे गो बाय.

गेलेली नजर परत येत नाही, म्हणून म्हणतो. दुखत नाही, लाल होत नाही, आणि म्हणूनच माणूस जात नाही. तू दिवसभर स्क्रीनसमोर असतेस. स्क्रीनमुळे काचबिंदू होत नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं, तेव्हा कामावर मी दोष ठेवत नाही. पण चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नव्हे. डोळ्याचं प्रेशर बघायला हवं, डोळ्यामागची नस बघायला हवी. वेळेवर कळलं तर थेंबांनी बहुतेकांचं आवरतं.

पुन्हा तेच सुरू झालं माझं. रागावू नकोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं: पहिल्या दृश्यात डोंगर कुठे ठेवू?

मधोमध नको. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' करणाऱ्यांनी सगळी जमीन त्रिकोणांवर बेतली होती. त्रिकोणी टेकडी समोरचं झाकते, चढावं की वळसा घालावा हे खेळणाऱ्यावर सोडते, आणि वळणावर काहीतरी अर्धवट दाखवते. 'एल्डन रिंग'ने उलट केलं, सोन्याचं झाड उघड्या आकाशाखाली जवळपास कुठूनही दिसेल असं ठेवलं. दोन्ही पद्धती चांगल्या. तुझ्या चित्राला पहिली शोभेल. आपल्याकडे लांबवरचं दिसतच नाही, माड आणि टेकड्या आड येतात, दीपमाळेचं टोक तेवढं वर निघतं. ते टोक उजव्या कडेला ठेव, निम्मं कापलेलं. आणि जे दिसेल तिथपर्यंत पाय जाऊ देत. 'ब्लॅक मिथ: वूकाँग' या खेळवाल्यांनी 2024 साली चीनमधली खरी जुनी देवळं स्कॅन करून काय वैभव उभं केलं! पण वाट दिसते तिथे अदृश्य भिंत आडवी येते, आणि माझं मन तिथेच उतरलं. तुमच्या पुण्यातच झालेल्या 'राजी' या खेळाने 2020 साली पहाडी चित्रांचा आणि राजस्थानी वाड्यांचा आधार घेतला, तेव्हापासून मला वाटतंय की कुणीतरी कोकणपट्टी घ्यावी. ती तू घेशील असं मात्र वाटलं नव्हतं.

मागच्या वेळच्या खेळाच्या शेवटी नावं वर सरकत गेली, त्यात तुझं आलं तिथे भाऊकाकांनी थांबवून फोटो काढला. तो मी छापून आणला आहे. आईने देवघराजवळ लावायचा म्हटलं, मी दिवाणखान्यात म्हटलं, सध्या दोन्हीकडे आहे.

तिसरं चित्र पुढे ने. त्याच्याखालची ती ओळ खोड आणि वरिष्ठांना सगळ्यांत आधी तेच दाखव. आईने सोलं आणि उकड्या तांदळाची पिशवी शेजारच्यांच्या मुलाबरोबर पाठवली आहे, तो येत्या शनिवारी पुण्यात असेल. डॉक्टरांची वेळ त्याच दिवशी सकाळची घे, म्हणजे सुट्टी मोडावी लागणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. — प्रेशरचे आकडे दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे लिहून घे आणि मला पाठव. साधारण 10 ते 21 मध्ये असतात. पण त्यात आले म्हणून नस न बघता उठू नकोस, आकडा बरा असूनही काचबिंदू असतो. माझ्या आईला काचबिंदू असावा आणि मला आहे, हे तिथे गेल्या गेल्या सांग.