पेस्टल म्हणजे कच्चं काम नव्हे

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला निसर्गचित्रांवरचा लेख वाचला, आवडला पण, फक्त त्यातली दोन विधानं खटकली म्हणून लिहितोय. एक, पेस्टल हे जागेवर पटकन नोंद घ्यायचं साधन, खरं चित्र तैलरंगातच. दोन, जागेवर बसून पूर्ण केलेलं तेच प्रामाणिक, स्टुडिओतलं म्हणजे रचलेलं.

आधी पेस्टलचं. पेस्टल म्हटलं की बऱ्याच जणांना शाळेतल्या मेणचट कांड्या आठवतात, ते ऑइल पेस्टल, ते वेगळं. सॉफ्ट पेस्टलची कांडी म्हणजे बरीचशी रंगाची पूड, थोडी खडूसारखी भर आणि कांडी मोडू नये इतकाच डिंक. तेल नाहीच, त्यामुळे तेल पिवळं पडणं, रंगाच्या थराला तडे जाणं हा प्रकार नाही. रंग पक्का असेल, कागद चांगला असेल आणि काचेला पूड चिकटणार नाही असं अंतर ठेवून फ्रेम केली असेल तर ते टिकतं, अठराव्या शतकातली पेस्टलं आजही टवटवीत दिसतात. अठराव्या शतकातल्या लिओतार या स्विस चित्रकाराने जिनिव्हातल्या स्वतःच्या स्टुडिओतून दिसणारा देखावा पेस्टलमध्येच केलाय, तो बघून कोणी त्याला कच्चं टिपण म्हणून दाखवावं.

आणि सोपं तर ते अजिबातच नाही. तैलरंगात पॅलेटवर हवा तो हिरवा कालवता येतो, पेस्टलमध्ये तो हिरवा कांडीत तरी असावा लागतो नाहीतर एकावर एक रेघा मारून डोळ्याला तो भासवावा लागतो, त्यात कागदाची खरखर एकदा भरली की पुढची कांडी नुसती घसरते, रंग धरतच नाही. वरून फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड धरून ठेवणारा फवारा, मारलं तर उजेडाच्या जागा काळवंडतात, म्हणून कित्येक जण शेवटचा हात फिक्सेटिव्हनंतरच फिरवतात. फायदा एवढाच की वाळायची वाट बघायची नाही, आणि ढग पळत असताना हा फायदा फार मोठा असतो. फ्रेंच चित्रकार बूदँ आकाशाचे पेस्टल अभ्यास, म्हणजे निरीक्षणासाठीची छोटी चित्रं, करायचा आणि त्यावर तारीख, वेळ, वारा सगळं लिहून ठेवायचा, १८५९ मध्ये कवी-समीक्षक बोदलेअरने त्या अभ्यासांचं भरभरून कौतुक केलं होतं.

तैलरंगाची गंमत बरोब्बर उलटी. तो पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्याला दिवस लागतात. ओल्यात ओलं काम करता येतं, आवडलं नाही तर नाइफने खरवडून टाकता येतं, पण जागेवर घाईत चार रंग एकमेकांत गेले की चिखल. आणि पातळ थरावर जास्त तेलाचा थर, उलटं नाही, हा नियम पाळायचा तर मधे थांबावंच लागतं. ते थांबणं स्टुडिओत होतं, त्यात अप्रामाणिक काय आहे?

इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलचंच घ्या. १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला उघड्यावर आकाशाचे तैलरंगातले अभ्यास करून मागे हवामान लिहून ठेवणारा हा माणूस, पण त्याचं ‘द हे वेन’ हे साधारण सव्वाचार बाय सहा फुटांचं चित्र लंडनच्या स्टुडिओत झालं, त्याआधी त्याच मापाचं कच्चं चित्रसुद्धा केलं होतं. फ्रेंच चित्रकार मोनेच्या त्रूव्हिलच्या समुद्रकिनाऱ्याच्या १८७० च्या चित्रात वाळूचे कण सापडलेत, म्हणजे बाहेर बसला होता हे नक्की, पण रुआँ शहरातल्या कॅथेड्रलची चित्रमालिका त्याने १८९२-९३ मध्ये समोरच्या खोल्यांतून सुरू केली आणि पूर्ण केली जिव्हर्नीच्या स्टुडिओत, चित्रांवर साल घातलं १८९४. आणि त्याच काळातला चित्रकार देगा तर बाहेर ईझल मांडणाऱ्यांची टिंगलच करायचा, तरी १८९२ मध्ये त्याने निसर्गचित्रं प्रदर्शनात मांडली, ती मोनोटाइपवर, म्हणजे पत्र्यावर रंगवून कागदावर घेतलेल्या छापावर, पेस्टलने केलेली! लेखातली दोन्ही विधानं या एका माणसापुढे टिकत नाहीत.

बाहेर जायला हवंच, त्यावर वाद नाही. फोटोत सावल्या काळ्याकुट्ट येतात नाहीतर आकाश पांढरं फटक, सावलीतला निळा-जांभळा डोळ्यालाच दिसतो. पण बाहेरचा उजेडही फसवतो. कॅनव्हासवर थेट ऊन पडलं की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, आपण रंग गडद लावत जातो आणि घरात आणल्यावर चित्र अंधारलेलं. शिवाय सावल्या सरकतात, फ्रेंच निसर्गचित्रकार व्हॅलेन्सिएनने १८०० च्या आपल्या ग्रंथात बाहेरच्या अभ्यासाला फार तर दोन तास आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धाच तास सांगितलाय तो उगाच नाही. तिसऱ्या तासाला सकाळ आणि दुपार एकाच झाडावर रंगवणारे पाहिलेत, त्यांचं चित्र जागेवरचं खरं, पण तसा उजेड कुठेच नसतो.

एक विनंती. लेखासोबत छापलेल्या चित्रांखाली माध्यमही नव्हतं आणि मापही नव्हतं. तळहाताएवढा अभ्यास आणि सहा फुटी कॅनव्हास छापील पानावर सारखेच दिसतात, पेस्टलची पूड आणि तेलाचा जाड थरही सारखाच, मग वाचक लेखकाच्या शब्दावरच विश्वास ठेवणार. पुढच्या वेळी चित्राखाली माध्यम, माप आणि साल एवढं तरी छापा, आणि सॉफ्ट पेस्टलला ऑइल पेस्टल म्हणू नका.

आपला,
एक चित्रकार वाचक