निळूभाऊंच्या तसबिरीला हार घालण्याआधी

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

13 जुलै हा निळू फुले यांचा स्मृतिदिन. 2009 साली ते गेले. दरवर्षी त्या दिवशी नेत्यांचे अभिवादनाचे संदेश येतात, तसबिरीला हार पडतो आणि मोबाइलवर कुणीतरी त्यांच्या वाड्यावरच्या पाटलाची नक्कल करून हशा मिळवतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण नाटकाची संहिता प्रयोगाआधी सरकारी मंडळाकडून तपासून घ्यायच्या ज्या पद्धतीमुळे निळूभाऊंचं सर्वांत धाडसी नाटक एकदा बंद पडलं, ती पद्धत आपल्याच खात्यात आजही चालू आहे. हे पत्र त्यासाठी.

निळूभाऊ अभिनय शिकले ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचं आणि कलापथकातून वग करायचे. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे'मधला त्यांचा रोंगे लोकांच्या लक्षात राहिला. वगात लिहिलेलं थोडं, बाकी बतावणी. समोरचा गडी काय टाकतो त्यावर आपण काय उचलायचं, गावात काल काय घडलं, पुढच्या रांगेत कोण बसलंय, हे सगळं उभ्याउभ्या नाटकात यायचं. राज्यकर्त्यांना चिमटे काढल्याशिवाय वग रंगतच नसे. अशा नटाच्या तोंडचं वाक्य आधी टंकलिखित करून मंजुरीला कसं पाठवणार?

1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णांनी त्यांना पडद्यावर आणलं आणि पुढे महाराष्ट्रभरच्या बायाबापड्या त्यांना शिव्या घालू लागल्या. नटाला याहून चोख पावती नाही. त्याच खलनायकाच्या साच्यात राहून त्यांना आयुष्य सुखात काढता आलं असतं. पण 1972 साली कमलाकर सारंग यांनी विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' बसवलं आणि निळूभाऊ सखाराम झाले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणून ठेवणारा, लग्नसंस्थेला तोंडावर शिव्या देणारा, चिलीम ओढणारा आणि मृदंगात रमणारा बुकबाइंडर. समोर लालन सारंग यांची चंपा. सखाराम नुसता खलनायक म्हणून केला असता तर सोपं होतं, प्रेक्षक त्याला शिव्या घालून मोकळे झाले असते. निळूभाऊंचा सखाराम रांगडा होता आणि अडचणीत टाकणारा होता, कारण तो खोटं बोलत नव्हता.

संहिता तपासून प्रयोगाला प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतले. प्रयोग थांबले. सारंग हायकोर्टात गेले, लढले आणि जिंकले. आज तेच नाटक विद्यापीठांत अभ्यासाला असतं.

मंत्रिमहोदय, आता याच नटाच्या दुसऱ्या कामाकडे बघा. 1979 च्या 'सिंहासन'मध्ये ते दिगू टिपणीस या पत्रकाराच्या भूमिकेत मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीभोवतीचं राजकारण बघत फिरतात. त्याचं चित्रीकरण मंत्रालयात झालं, आणि परवानगी दिली ती खुद्द तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी. म्हणजे सत्तेची खिल्ली सत्तेच्याच इमारतीत चित्रित करू देण्याइतकं मोठं मन या राज्याने एकदा दाखवलेलं आहे. मग नाटकाच्याच वाटेला संशय का?

सिनेमा पूर्ण झाल्यावर तपासला जातो. वेब मालिकेला प्रदर्शनाआधी कुठल्याच मंडळाची पायरी चढावी लागत नाही. नाटकाची मात्र संहिताच आधी द्यायची, आणि प्रमाणपत्र आलं की मग प्रयोग. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी पोरांनाही यातून सुटका नाही.

मंडळावर रंगभूमीचीच जाणती माणसं असतात आणि बहुतेक संहिता मंजूर होतात, असं उत्तर मिळेल. खरं असेल. पण आपलं लिखाण आधी कुणीतरी तपासणार हे माहीत असलेला लेखक काय करतो? जे वाक्य अडकेल असं वाटतं ते तो स्वतःच खोडून टाकतो. त्या खाडाखोडीची नोंद कुठल्याही फाइलीत होत नाही, त्यामुळे आकडेवारीत सगळं आलबेल दिसतं. आणि प्रयोगात खरंच काही बेकायदा घडलं, तर कारवाईला देशात कायदे थोडे आहेत का?

ब्रिटिशांनी खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर 1910 साली बंदी घातली, कारण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. बंदीची हत्यारं पुरवणारा 1876 चा नाट्यप्रयोग कायदा संसदेने अलीकडे रद्दही केला. आपल्याकडच्या पूर्वपरीक्षणाची नाळ 1951 च्या पोलीस कायद्याशी जोडलेली आहे. त्याविरुद्ध अमोल पालेकर यांनी 2016 साली हायकोर्टात याचिका केली. एका ज्येष्ठ रंगकर्मीला यासाठी कोर्टात जावं लागलं, हेच सांस्कृतिक खात्याला शोभणारं नाही.

म्हणून विनंती अशी: संहितेचं सक्तीचं पूर्वपरीक्षण बंद करा. गृहखात्याला बरोबर घ्यावं लागेल, तर घ्या. वयोगट सुचवण्यापुरतं मंडळ ठेवायचं असेल तर कुणाची हरकत असू नये. आणि एकदम सगळं जमत नसेल, तर निदान हौशी नाटकं आणि एकांकिका पुढच्या स्पर्धेच्या आधी यातून मोकळ्या करा. तेवढा आदेश 13 जुलैला निघाला, तर त्या वर्षी हार नाही आणला तरी चालेल.

आपला,
एक नाटकवेडा प्रेक्षक