बारोलोच्या बाटलीबद्दल, बाबांना आणि आईला

आल्बा, पिएमोंते, इटली
नोव्हेंबर

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

तुमच्यासाठी निवडलेली वाईनची बाटली फ्रिजच्या डोक्यावर ठेवली आहे असं आई फोनवर म्हणाली. आधी ती तिथून खाली काढा. तिथं मागची गरम हवा वर येते आणि कॉम्प्रेसरची थरथर दिवसरात्र लागते. वाईनला दोन्ही सोसत नाही. धान्याच्या खोलीत, जमिनीलगत, अंधारात आडवी ठेवा. आडवी अशासाठी की बूच आतून ओलं राहतं. सुकून आकसलं की हवा आत शिरते. आणि होळीच्या आत संपवा. आपल्याकडचा एप्रिल लागला की बूच वर सरकतं, मानेशी चिकट ओघळ येतो आणि वास शिजवलेल्या मनुकांसारखा होतो. मग ती पिण्यात अर्थ नाही.

बाबा, लेबलवरचं ‘बारोलो’ हे गावाचं नाव, द्राक्षाचं नाही. जात नेब्बिओलो, आणि नियमानं शंभर टक्के तीच. दुसऱ्या जातीचा थेंबही चालत नाही. द्राक्षंही अकरा गावांच्या शिवारातलीच हवीत. इटलीच्या एकीकरणाच्या इतिहासात येतो तो काव्हूर यातल्याच ग्रिंझानेचा १८३२ पासून १८४९ पर्यंत महापौर होता, आणि शेतीत जातीनं लक्ष घालायचा. तुमच्या बाटलीवर ‘ला मोर्रा’ आहे, तेही या अकरातलं. तिथली माती निळसर करडी, चुना मिसळलेली. आपल्याकडे चुनखडी लागली की वेलीला लोह मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात. इथं चुना सोसणारे खुंट लावून त्यावर कलम करतात. पूर्वेला सेरालुंगाकडे जमीन आणखी जुनी आणि घट्ट. तिथली वाईन जास्त तुरट असते, तिला आणखी वर्षं द्यावी लागतात. म्हणून तुमच्यासाठी ला मोर्राची निवडली.

बागा सगळ्या उतारावर. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उताराला इथं ‘सोरी’ म्हणतात. बर्फ पहिल्यांदा तिथंच वितळतं. दरीच्या तळाला आणि उत्तरेच्या उतारावर बारोलोसाठी लागवड नियमातच बसत नाही. कारण ही जात एप्रिलमध्ये लवकर फुटते आणि सगळ्यांच्या शेवटी, ऑक्टोबरमध्ये पिकते. तळाला थंड हवा साचते आणि कोवळे फुटवे एका रात्रीत जळतात. उत्तरेला ऊन पुरत नाही. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. काडीच्या बुडाचे पहिले दोन-तीन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, वांझ निघतात, त्यामुळे आखूड छाटून भागत नाही. आठ-दहा डोळ्यांची एक लांब काडी ठेवून ती तारेवर आडवी बांधतात, आणि शेजारी एक काडी दोन डोळ्यांवर कापतात, पुढच्या वर्षीसाठी.

जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड) नाही, त्यात घड बुडवायचं डीपिंग नाही. आपण थॉमसन जातीच्या द्राक्षाचा मणी त्यानं फुगवतो, इथं मणी बारीकच हवा, कारण रंग, वास, तुरटपणा सगळं सालीत आणि बियांत असतं. हेक्टरी ८ टनांच्या वर माल घेता येत नाही, म्हणजे एकरी जेमतेम सव्वातीन टन. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला चांगले दिसणारे घडसुद्धा कापून जमिनीवर टाकतात. बघताना जीव तुटतो. पण माल जास्त ठेवला तर शेवटी गोडी चढत नाही आणि बिया हिरव्या राहतात, आणि त्यांचा कडवटपणा वाईनमध्ये उतरला की काढता येत नाही. केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग इथंही आहेतच, त्यावर तांबं आणि गंधक. गारपिटीसाठी जाळ्या.

तोडणीनंतर साली रसातच तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त. त्यांचा थर वर तरंगतो, तो रोज रसानं भिजवावा लागतो. कोरडा पडला की व्हिनेगरचे जंतू धरतात. अशा वाईनला ‘ड्राय’ म्हणतात, म्हणजे रसातली साखर यीस्टनं जवळजवळ सगळी संपवली, एवढंच. पुढं हजारो लिटरच्या ओकच्या पिंपात मुरते. तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवणं सक्तीचं, त्यातले १८ लाकडात. तुमची २०१६ ची आहे, म्हणजे २०२० उजाडायच्या आत ती विकताच आली नसती.

आई, आता तुझ्या कामाचं. उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी कर, गाळ तळाशी बसू दे. पिण्याआधी दोन तास उघडायची. नुसतं बूच काढून ठेवल्यानं काही होत नाही, मान अरुंद असते. काचेच्या रुंद जगमध्ये किंवा स्टीलच्या पातेल्यात हळू ओत आणि गाळ दिसायला लागला की थांब. पितळेचं किंवा तांब्याचं भांडं नको, आंबट रस आहे, कळकेल. बूच तुटून आत पडलं तर मलमलच्या फडक्यातून गाळ. मग अर्धा तास फ्रिजमध्ये. १६ ते १८ अंश हवी. गारठली तर तुरटपणा नुसता टोचतो.

रंग फिका आणि कडेला विटकरी दिसेल. ती बिघडलेली नाही, या जातीत रंगच कमी. सुकलेल्या गुलाबाचा आणि किंचित डांबराचा वास यायला हवा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच खराब होतं. ओतून दे, हळहळू नकोस.

पहिला घोट नुसता घेतला तर जीभ ओढली जाईल, कच्च्या जांभळासारखी. याला स्निग्ध जेवण लागतं. मटण मंद आचेवर दोन-अडीच तास शिजव, कांदा परतून, मिरी, लवंग, दालचिनी घालून. लाल तिखट अगदी नावाला, कारण तिखटानं तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढतात. चिंच, कोकम नको. बाबांना मटण नको असेल तर तुपात परतलेले मशरूम चांगले लागतात.

ग्लास तिसरा हिस्साच भरा. बाबांच्या बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारा. नाही म्हणाले तर बाबांनी नुसता वास घ्यायचा. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, पुढं ती मटणातच घाल.

बाबा, ऑक्टोबर छाटणीची बाग फुलोऱ्यात आली का? पाऊस झाल्याचं कळलं. पानाखाली केवड्याची पांढरी बुरशी दिसते का ते बघून फोटो पाठवा.

तुमची लेक