चौथ्या वर्षाबद्दल

पुणे, ८ मार्च २०२६

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणून ठेवून देतात. म्हणून लिहिते आहे. नोकरी देऊ करणाऱ्या कंपनीला मी नकार कळवला आहे. बीएस्सी केमिस्ट्रीचं चौथं वर्ष करणार, ऑनर्स विथ रिसर्च, म्हणजे संशोधनासह पदवी. त्याला सहा सेमिस्टर मिळून ७५ टक्के लागतात. पाचपर्यंत आहेत, सहावीही नीट जाईल.

पगाराचं मला कळत नाही असं समजू नका. ताईच्या वेळी काय काय झालं ते मला माहीत आहे. पण हिशेब एकदा कागदावर मांडून बघा बाबा, तुम्हीच तसं शिकवलंत. तीन वर्षांची डिग्री आणि दोन वर्षांची एमएस्सी, किंवा चार वर्षांची डिग्री आणि पुढे एका वर्षाची एमएस्सी. वर्षं पाचच. शिवाय तिसऱ्या वर्षाअखेर १३२ क्रेडिट होतात आणि साधी बीएस्सी पदरात पडतेच. उद्या घरी गरज लागली तर मी तेवढ्यावरही नोकरी धरू शकते.

ती क्यूसीची, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासायची, नोकरी वाईट नव्हती. आलेला नमुना ठरलेल्या पद्धतीने तपासायचा, एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावायचा, आकडा मर्यादेत आहे का बघून सही करायची. त्या सहीवर लोक औषधं घेतात, जबाबदारीचं काम आहे. पण आकडा मर्यादेबाहेर गेला की तो का गेला हे शोधणाऱ्या माणसाचं शिक्षण मला हवं आहे, आणि ते तीन वर्षांत पुरं होत नाही.

आई विचारते, एवढे दिवस नुसते रंगच बघता का? रंग बघतो, पण त्याआधीच सगळं ठरलेलं असतं. आजोबा विहिरीत टाकायचे ते जांभळं औषध, पोटॅशियम परमँगनेट, त्याचंच टायट्रेशन घे, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता मोजणं. १.५७६ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड तोलून २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी घातलं की ०.१ नॉर्मल, म्हणजे नेमक्या ठरलेल्या तीव्रतेचं, द्रावण होतं. त्यातलं १० मिली पिपेटने घ्यायचं, सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं आणि ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मापाच्या नळीतून) परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं. पहिले थेंब लवकर विरत नाहीत. मुलं घाबरून आणखी तापवतात किंवा तोटी जास्त उघडतात. थोडं थांबायचं असतं. अभिक्रियेत तयार होणारं मँगनीजच तिला वेग देतं, मग रंग झटझट जातो. ॲसिड कमी पडलं तर तपकिरी गढूळपणा येतो. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं आणि रीडिंग वाढतं. इतर द्रावणांची पातळी खालच्या कडेवर वाचतात, हे इतकं गडद की वरची कड वाचावी लागते. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. असं लागोपाठ तेच रीडिंग आलं की ते सीबीआर (न बदलणारं ब्युरेट रीडिंग) म्हणून जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, जातं. तोलताना १.५७६ ऐवजी १.५९२ ग्रॅम पडलं तर १०.० चं रीडिंग १०.१ होतं. एवढासा फरक, पण तपासणाऱ्याला तो लगेच दिसतो.

बाबांसाठी दुसरं उदाहरण. तुमची सकाळची ७५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ॲस्पिरिन, आणि ते आम्ही लॅबमध्ये बनवतो. २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड, ५ मिली ॲसिटिक ॲनहायड्राइड, तीव्र सल्फ्युरिकचे ५ थेंब, गरम पाण्यात १५ मिनिटं, मग बर्फाचं पाणी. पांढरे स्फटिक पडतात. गणिताने २.६ ग्रॅम यायला हवेत, २ ग्रॅम हाती आले तरी चांगलं. तेवढ्यात तुमच्या २६ गोळ्या भरतील (खायच्या नाहीत, ते औषध म्हणून शुद्ध केलेलं नसतं!). फ्लास्क ओला असला तर ॲनहायड्राइड पाण्यातच संपतं. धुताना पाणी जास्त वापरलं तर स्फटिक वाहून जातात. नीट न वाळवता तोललं तर यील्ड (गणिताच्या मानाने हाती आलेला माल) १०० टक्क्यांच्या वर येतं, म्हणजे आपण पाणीच तोललेलं असतं. फेरिक क्लोराइडच्या थेंबाने जांभळा रंग आला तर समजायचं, मूळचं सॅलिसिलिक ॲसिड अजून शिल्लक आहे.

पण या सगळ्याचं उत्तर जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असतं. चौथ्या वर्षी ते नसतं. टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगवेगळे ठिपके म्हणून दाखवणाऱ्या पट्टीवर) दोनच्या जागी तीन ठिपके दिसले तर तिसरा कुठून आला हे शोधायला तापमान बदला, वेळ बदला, द्रावक बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काहीच कळत नाही. यात महिने जातात. हे शिकले तर पुढे एमएस्सी, नेट (प्राध्यापकी-संशोधनासाठीची परीक्षा), एखादी प्रयोगशाळा असे रस्ते राहतात. १९५० पासूनची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, इथेच पाषाणला आहे, लांब जावं लागेल असंही नाही.

आई, भाजण्याची भीती काढून टाक. सुती एप्रन, बंद बूट, चष्मा, बांधलेले केस यांशिवाय लॅबमधले मामा आत सोडत नाहीत. पिपेट तोंडाने कुणी ओढत नाही, रबरी बल्ब असतो. ॲसिड नेहमी पाण्यात ओततो, पाणी ॲसिडात कधीच नाही, कारण हलकं पाणी वरच उकळून अंगावर उडतं. चुकून थेंब पडलाच तर नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं, सोडाबिडा चोळायचा नाही. मेसची भाकरी बरी असते, सकाळी गरम पाणी मिळतं, आणि तुझ्या जुन्या लुगड्याची गोधडी अजून पायथ्याशीच आहे. लहानपणी मला ताप आला की तू तीच माझ्या अंगावर घालायचीस, म्हणून धुवायलाही जीव होत नाही. जानेवारीपासून बारावीच्या दोन मुलींना शिकवते, मेसचा निम्मा खर्च त्यात निघतो. बाकीच्या पैशांसाठी तुम्ही सोसायटीकडे जायचं नाही. मी बघते.

आता तुम्ही दोघांनी माझं ऐकायचं. बाबा, गोळ्या पाकिटातून काढून न्हाणीघरातल्या डबीत ठेवू नका. ओल लागली की ॲस्पिरिन फुटतं, व्हिनेगरचा वास येतो. तसा वास आला तर गोळी टाकून द्यायची. वर लेप असेल तर मोडायची किंवा चावायची नाही, तो लेप पोट सांभाळायला असतो. आणि बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद तर मुळीच करायची नाही, मागच्या दिवाळीसारखं नको. आई, मोरीत ब्लीचिंग पावडर टाकलीस की त्यावर फरशीचं ॲसिड ओतू नकोस. त्यातून क्लोरीन निघतो. तुझा खोकला त्यानेच असेल असं मी म्हणत नाही, पण ते दोन्ही वेगवेगळ्या दिवशी वापर आणि खिडकी उघडी ठेव.

परीक्षा संपली की कोयनेने मिरजेला येते. स्टेशनवर येऊ नका बाबा, उन्हाचं रिक्षाने येईन. चौथ्या वर्षाच्या फॉर्मवर पालकांची सही लागते. तुम्ही दोघांनी मिळून वाचा, आणि मी आल्यावरच करा.

तुमची,
छोटी