‘रे खिन्न मना’ हे कुणाला म्हटले आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत भा. रा. तांबे यांच्या गीतांतले दुःख आणि सांत्वन या विषयावरचा लेख वाचला. लेख कळकळीने लिहिलेला आहे. तांब्यांवर आजही कुणी एवढे लिहिते याचा आम्हा ग्वाल्हेरकरांना आनंदच होतो. मुंगावलीला जन्मलेला, आमच्या संस्थानाचा राजकवी झालेला आणि १९४१ साली इथेच डोळे मिटलेला हा कवी आम्हाला घरचा वाटतो. पण लेखातली अर्थ लावण्याची रीत मला पटली नाही. का पटली नाही, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लेखकाने एकेका प्रतिमेची फोड केली आहे. शुक्र म्हणजे आशा, गळलेले फूल म्हणजे दुःख, गोड फळ म्हणजे त्या दुःखातून आलेले शहाणपण, नववधू म्हणजे जीव आणि सासर म्हणजे मृत्यू. मी शाळेत हिंदी शिकवत असे. कबीराची पदे शिकवताना मीही फळ्यावर असेच दोन रकाने आखायची, डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ. मुले ते उतरवून घेत आणि परीक्षेत लिहीत. त्यामुळे लेखकाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. मला स्वतःला त्या रकान्यांतले अपुरेपण फार उशिरा कळले.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात माझे यजमान गेले. समाचाराला लोक येत होते. त्यांत एक वडीलधारे, वाचणारे गृहस्थ होते. त्यांनी माझ्यासमोर बसून तांब्यांच्या ‘घन तमी’ या गीतातले कडवे म्हटले, ‘फुल गळे, फळ गोड जाहले, बीज नुरे, डौलात तरू डुले, तेल जळे, बघ ज्योत पाजळे’. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मला ते शब्द लागले. लताबाईंच्या आवाजात लहानपणापासून ऐकलेले, पाठ असलेले गाणे, आणि त्या दिवशी वाटले की हे गाणे पुन्हा कानांवर पडू नये. माझ्या घरात तेल जळून गेले होते. ज्योत कुठे होती?

पुढे कितीतरी दिवसांनी, स्वयंपाकघरात एकटी असताना, त्या गाण्याची सुरुवात आपोआप ओठांवर आली. ‘घन तमी शुक्र बघ राज्य करी, रे खिन्न मना, बघ जरा तरी!’ आणि तिथेच थांबले. हे कवी कुणाला म्हणतो आहे? समोर बसलेल्या दुःखी माणसाला नव्हे. स्वतःच्या मनाला. ‘का गुदमरसी आतच कुढुनी’ असे विचारण्याचा हक्क जो स्वतः आत गुदमरतो आहे त्यालाच असतो. मनाला जवळ बसवून समजावण्याची ही रीत आपल्याकडे समर्थांच्या मनाच्या श्लोकांपासून चालत आलेली आहे. फूल, बीज, तेल या तिन्ही प्रतिमा त्या एका हाकेनंतर येतात. हाक गाळून फक्त प्रतिमा दुसऱ्याच्या हातात ठेवल्या की त्यांचा उपदेश होतो. आपल्या लेखातही कडवे ‘फुल गळे’पासूनच छापले आहे. वरची हाक नाही.

आणि ते ‘जरा तरी’! ऊठ, विसर, सावर असे तो म्हणत नाही. थोडेसे बघ, इतकेच मागतो. पुढे ‘मार भरारी’ म्हणतानाही ‘जरा वरी’ एवढेच.

शुक्राबद्दल थोडे. यजमान भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून ते आल्यागेल्या मुलांना शुक्र दाखवत आणि हमखास सांगत की हा मध्यरात्री कधी दिसायचा नाही. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, नाहीतर उगवण्याआधी पूर्वेला, साधारण तीन तासांच्या आतबाहेर, कारण तो सूर्यापासून फार लांब जातच नाही. म्हणजे कवीच्या त्या दाट काळोखात दिवस एकतर नुकताच गेलेला आहे, नाहीतर यायचा आहे. दोन्हींपैकी काय, ते गाणे सांगत नाही. शुक्र अंधार घालवतो असेही म्हणत नाही. तो अंधारात राज्य करतो, बस. ‘आशा’ हा शब्द त्यापुढे मला फार घाईचा वाटतो.

‘जन पळभर म्हणतिल हाय हाय’ या गीतात लेखकाला जगाच्या कृतघ्नपणाची तक्रार दिसते. त्यात सल आहे, हे मी नाकारत नाही. पण इथेही बोलणारा कोण, ते पाहावे. बोलतो आहे तो जाणारा. मागे राहणारी मी. त्यांना जाऊन चार महिने झाले असतील, शेजारची लहान मुलगी माझा चष्मा लावून माझीच नक्कल करू लागली आणि मी मोठ्याने हसले. हसले आणि लगेच शरमले. रात्री झोप लागेना. तेव्हा आठवले, ‘उठतील बसतील हसुनि खिदळतील’. जाणाऱ्याने हे आधीच धरून ठेवले आहे. ‘कुणी सदोदित सूतक धरिले?’ असे तोच विचारतो. आपली रीत तरी दुसरे काय सांगते? सूतक दहा दिवसांचे, आणि तेराव्याला गोडाचे जेवण. त्या दिवशी पानातला गोड घास माझ्या घशाखाली उतरला नव्हता. पण तो का वाढतात ते या ओळीने मला समजले.

‘नववधू प्रिया, मी बावरते’ या गीताबद्दल लेखकाशी माझे भांडण कमी आहे. सासर म्हणजे मृत्यू हे खरेच. हिंदी मुलखात राहिलेल्या कवीला नैहर-ससुरालचे हे रूपक परके नसणार. पण कुमार गंधर्वांनी गायलेले कबीराचे ‘नैहरवा हमका न भावे’ आठवा. तिथल्या जिवाला माहेर नकोसे झाले आहे. तांब्यांची नवरी उलट म्हणते, ‘मला येथला लागला लळा, सासरि निघता दाटतो गळा’. आमच्या ह्यांनी शेवटच्या आठवड्यात इस्पितळातून रोज एकच विचारले, गच्चीवरच्या कढीलिंबाला पाणी घातले का? ‘बागबगीचा, येथला मळा, सोडिता कसे मन चरचरते’ ही ओळ मी पन्नास वर्षे ऐकत होते. ती त्या कढीलिंबापाशी येऊन उभी राहील असे कधी वाटले नव्हते. आणि या नवरीच्या भिण्याला गाण्यात कुणी नाव ठेवत नाही. ती पुढे सरते, मागे फिरते. शेवटी मागते तेही एवढेच, ‘धीर देउनी ने नवरी रे’. ‘सासर म्हणजे मृत्यू’ एवढे लिहून पुढे गेले की ही सगळी घालमेल हातातून निसटते, आणि मला तर आधार त्या घालमेलीनेच दिला. शेवटच्या दिवसांत ते भ्यायले होते. त्यात कमीपणा काही नव्हता, हे मला या गाण्याने सांगितले.

लेखकांना माझा नमस्कार कळवावा. आणि एक विनंती. पुढच्या पुरवणीत ‘घन तमी’ हे गीत पहिल्या ओळीपासून संपूर्ण छापावे. जागा कमी पडत असेल तर माझे हे पत्र गाळले तरी चालेल.

आपली नम्र,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर