केदारनाथला श्रावणात नको

सांखळी, गोवा

चि. प्रथमेश यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तारखा सांगितल्यास आणि मी नुसतं "बघू" म्हणून फोन आईकडे दिला. तुला ते तुटक वाटलं असणार. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून लिहितोय.

केदारनाथला जायला माझी ना नाही. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी जायला आहे. श्रावणी सोमवार म्हणून तू तो दिवस काढलास. तिकडचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो, तेव्हा त्यांच्या हिशेबाने तो बरोबर. आपल्या कालनिर्णयात तो आषाढच. पण श्रावण असो की आषाढ, त्या डोंगरावर तो पाऊसच.

मी सव्वीस वर्षं डिचोलीच्या खाणीवर काढली. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती उपसायची आणि तिचा डोंगर रचायचा, हे आमचं काम. लहानपणी तू त्या डंपला "बाबांचा डोंगर" म्हणायचास. मे महिन्यात त्यावर ट्रक चढायचे, इतका तो घट्ट दिसे. पण आत धरून ठेवणारं काही नसतं. वर झाड नाही, आत मुळं नाहीत. जुलैत चार दिवस झड लागली की पायथ्याचा चिऱ्यांचा बांध फुगायचा आणि आम्ही रात्री बॅटऱ्या घेऊन गटारं मोकळी करत फिरायचो. पाणी साचलं की संपलं. खालच्या शेतांत लाल चिखल उतरायचा, आणि मग सकाळी शेतकऱ्यांच्या शिव्या. त्यांचं चुकत नसे.

केदारनाथच्या मागे असाच ढीग आहे, फक्त तो हिमनदीने रचलेला. चोराबारी हिमनदीने ढकलत आणलेले दगड, वाळू, माती. त्या ढिगाच्या आडोशाला एक तळं होतं. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित केल्या, म्हणून त्याला गांधी सरोवरही म्हणत. २०१३ च्या जूनमध्ये पाऊस नेहमीपेक्षा आधी आला, त्यात वितळणारं बर्फ. तळं भरलं आणि १७ जूनच्या सकाळी बांध फुटला. आदल्या संध्याकाळीही एक लोंढा येऊन गेलाच होता. देवळामागे एक प्रचंड शिळा येऊन अडकली, पाणी दोन्ही अंगांनी फाकलं, देऊळ राहिलं. तिला आता भीमशिला म्हणतात, लोक तिचीही पूजा करतात. मला विचारशील तर मी आधी त्या देवळाचे दगड रचणाऱ्यांना हात जोडेन.

हे सगळं तुला नेटवर मिळेल. मिळणार नाही ते सांगतो.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. मी घरी बसलो. तुझं बारावीचं वर्ष, म्हणून घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. परीक्षा झाल्यावर आई म्हणाली, नवस फेडायचाय, नंतर जमणार नाही. मे अखेरीला तुला काकूकडे ठेवून आम्ही गेलो, आठवतं? तेव्हा गौरीकुंडाहून वाट चौदा किलोमीटर होती आणि मधोमध रामबाड्याची वस्ती. तिथे पोचेपर्यंत आईला धाप लागली. देऊळ ३,५८३ मीटरवर आहे. आपल्या गोव्यातला सगळ्यांत उंच डोंगर सोंसोगड, तो हजाराच्या थोडा वर. वर हवेतला प्राणवायू इथल्या दोन-तृतीयांशच मिळतो. एका टपरीवाल्याने तिला चुलीजवळ बसवलं, दोनदा आल्याचा चहा दिला, पुढे घोडाही ठरवून दिला. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. माझ्याकडे पाचशेची नोट, त्याच्याकडे सुटे नव्हते. "उतरताना द्या बाबूजी," म्हणाला. साठ रुपये.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंधारातच उतरलो, टपरी बंद होती. खाली पोचल्यावर आठवण झाली. आई म्हणाली, परत येऊ तेव्हा देऊ.

तीन आठवड्यांनी टीव्हीवर कळलं की रामबाडा राहिलाच नाही. तू आत येत होतास, मी टीव्ही बंद केला. तेव्हापासून हा विषय घरात निघाला की मी उठून जातो, आणि तुला वाटतं बाबांना देवाधर्माचं काही नाही.

म्हणून म्हणतो, आता नको. मी जुनंच धरून बसलोय असं म्हणशील, तर ३१ जुलै २०२४ च्या रात्रीचं बघ. त्याच वाटेवर लिनचोली-भीमबलीकडे ढगफुटी होऊन वाट तुटली आणि हजारो यात्रेकरू अडकले. गणपतीची चवथ घरी कर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नीघ. देवळाची दारं भाऊबीजेला बंद होतात, तोवर वेळ आहे. मग देव हिवाळ्यासाठी खाली उखीमठला उतरतो. तिकिटाचे पैसे बुडतील ते मी देतो.

आणखी थोडं. यात्रेची नोंदणी आधी कर. गौरीकुंडाच्या आसपास एक रात्र राहा, पहाटे चढायला लाग. डोकं ठणकायला लागलं, ओकारी आली, तर दर्शनासाठी हट्ट न करता खाली उतर. नवी वाट लांब आहे, सोळा किलोमीटर, आणि रामबाड्यापाशी पुलावरून मंदाकिनीच्या पलीकडे जाते. तिथे चहा मिळाला तर घे. एखाद्याला साठ रुपये जास्तीचे दे आणि कशाचे ते सांगत बसू नकोस, त्याला काय कळणार.

पिंडी आपल्याकडच्यासारखी गोल नाही, बैलाच्या वशिंडासारखी आहे. बैलाच्या रूपातल्या शंकराला भीमाने धरलं तेव्हा एवढंच हाती राहिलं म्हणतात. तिला तूप चोळतात. आईने लोणी साठवायला घेतलंय, चवथीला येशील तेव्हा बाटली देईल. गेल्या वेळी झाकण सैल राहून सगळं शालीला लागलं होतं आणि वर पोचलं ते चमचाभर. तेव्हा प्लास्टिकची बाटली नको, ऑफिसात डबा नेतोस तो स्टीलचा फिरकीचा घेऊन ये.

तुझा,
बाबा