देवगडच्या काकूंना, रोजनाम्याबद्दल आभार

आदरणीय काकू,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही 'चाय घे गो' म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं उघड पत्र. शिवाय बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा, म्हणजे लॉ सीईटी, तिचा निकाल लागल्यापासून जामसंड्यात जो भेटतो तो विचारतो, "क्लास कुठला लावलेलास?" त्या सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकते. क्लास लावला नव्हता. दिवाणी कोर्टातून निवृत्त झालेल्या एका काकूंच्या पडवीत जाऊन बसत होते.

वकिलीचं नाव काढल्यावर आजोबांनी 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे ऐकवलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "मी जन्मभर चढले, माझं काय बिघडलं?" आजोबा पुढे बोललेच नाहीत. सर्वांत आधी त्या वाक्याचे आभार.

मग वहीचे. कोर्टात प्रत्येक प्रकरणाचा रोजनामा असतो, आज काय झालं आणि पुढची तारीख कोणती. तुम्ही मला अभ्यासाचा तसाच रोजनामा लिहायला लावलात. उद्या काय काय करणार याच्या बढाया त्यात चालत नसत. 'आज करार कायद्यातला प्रस्ताव आणि स्वीकृती वाचून झाले, प्रतिफल अर्धवट, पुढील तारीख गुरुवार.' बस्स. एखादा दिवस नुसता आंब्यात गेला तर 'कामकाज नाही' लिहायचं आणि तारीख द्यायची. त्याबद्दल तुम्ही कधी रागावला नाहीत. रागावायचात ते तारीख न लिहिल्याबद्दल.

आता आमच्याकडचा सीझन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्चपासून मेपर्यंत देवगडात घरातला एकही हात मोकळा नसतो. झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन बाबा झाडावर, आई आणि मी पेट्या भरायला, आणि नेमकी तेव्हाच सीईटी तोंडावर आलेली. पुस्तक घेऊन आत जाऊन बसले असते तर मनाला लागलं असतं आणि पेट्या भरत राहिले असते तर पोटात गोळा आला असता. तुम्ही दोन्ही एकत्र केलंत. पेटीत घालायची रद्दी आधी माझ्याकडे यायची. तिच्यातल्या कोर्टाच्या आणि राज्यघटनेच्या बातम्या मी कापून घ्यायचे, उरलेला कागद आंब्याखाली. चालू घडामोडींची माझी वही अशी तयार झाली, तिला अजून हापूसचा वास आहे.

बातमी पाठ करायची नाही, तिची मुळं खणायची, ही सवय तुमचीच. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं, ही बातमी आपल्या सिंधुदुर्गासाठी केवढी मोठी, ते तुम्ही पक्षकारांच्या मुंबईच्या वाऱ्या सांगून समजावलंत. मग सुरू झाले प्रश्न. बेंचखाली जिल्हे कोणते? कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आधीची खंडपीठं कुठे? नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा. कोल्हापूरचं बेंच कोणत्या कायद्याखाली? राज्य पुनर्रचना कायदा 1956. हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात करायचा अर्ज, म्हणजे रिट, राज्यघटनेच्या कोणत्या अनुच्छेदाखाली? 226. आणि सर्वोच्च न्यायालयात? 32. एका कात्रणावर सबंध संध्याकाळ गेली, पण त्यातलं काही मी आता विसरणार नाही.

नव्या कायद्यांच्या बाबतीत मात्र आपण दोघी एकाच बाकावर होतो. तुमच्या तोंडात भारतीय दंड संहितेची कलमं बसलेली, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झालेली. खून 302 वरून 103 वर गेला, फसवणूक 420 वरून 318 वर. "म्हणजे आता कोणाला चारसोबीस म्हणायची पण सोय नाही?" असं विचारून तुम्ही खरोखर हळहळला होतात.

माझं खरं अडत होतं ते कायदेविषयक तर्काच्या प्रश्नांत. 120 पैकी 32 प्रश्न त्याचे. वर एक तत्त्व देतात, खाली घटना, आणि ते तत्त्व लावून उत्तर काढायचं. तुम्ही इथलाच प्रश्न रचलात. तत्त्व असं, की नोकराने कामाच्या ओघात केलेल्या कृत्याला मालक जबाबदार. घटना अशी, की बागायतदाराचा ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी, मालकाला न विचारता, टेम्पो घेऊन कुणकेश्वरच्या जत्रेला गेला आणि वाटेत कोणाला तरी धडक दिली. मी तावातावाने म्हटलं, मालकाने भरपाई द्यायलाच हवी, ड्रायव्हर बिचारा कुठून देणार? तुम्ही चष्मा वर केलात. "तुका काय वाटता, ता कोण इचारता?" तत्त्वात 'कामाच्या ओघात' असं लिहिलंय, जत्रा हे काम नव्हे, मालक सुटला. खऱ्या अपघात दाव्यात विमा, परवाना असं बरंच काही येतं आणि गोष्ट इतकी सरळ राहत नाही, हेही तुम्ही लगेच सांगितलंत. पण पेपरात दिलेल्या तत्त्वाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पुढच्या प्रत्येक सराव परीक्षेत माझ्या कानात तेवढं मालवणी वाक्य वाजत होतं.

सराव परीक्षेनंतर तुम्ही गुण विचारायचा नाहीत. चुकलेल्या उत्तरांचे तीन ढीग करायला लावायचात: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण वाचलं चुकीचं, वेळ पुरला नाही. मधला ढीग सगळ्यात मोठा निघाला, आणि त्याला नव्या पुस्तकाची गरजच नव्हती. गणिताचे प्रश्न आठच, त्यावर तुम्ही मला जास्त रडू दिलं नाहीत. इंग्रजीसाठी रोज एक अग्रलेख, तोही मोठ्याने.

आता मुख्य आभार. रात्री छातीत धडधडायचं, झोप लागायची नाही, हे मी घरी सांगितलं नव्हतं. तुम्ही डोळ्यांखाली बघून ओळखलंत. 'काळजी करू नको' असं तुम्ही म्हणाला नाहीत, त्याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही म्हणालात, काळजी वहीच्या मागच्या पानावर दाखल करून घे आणि तिला शनिवारची तारीख दे, त्याआधी सुनावणी नाही. शनिवारी संध्याकाळी पडवीत एकेकीचा पुकारा व्हायचा. मराठी माध्यमाची आहे, पेपर जमेल का? सीईटीचा पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो, इंग्रजीचा विभाग तेवढा वगळून. निकाली. चुकून उत्तर चुकलं तर? उणे गुण नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नको. निकाली. फी कुठून आणायची, याला मात्र दोन शनिवार लागले. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क माफ आहे, 2024-25 पासून, हा शासन निर्णय तुम्ही शोधून, छापून आणलात. बाबांनी तो देवघरात ठेवला! बऱ्याचशा काळज्या तर शनिवार येईपर्यंत स्वतःच गैरहजर असायच्या.

रात्री दहानंतर पुस्तक बंद, हा हुकूम कडू लागला होता. पर्सेंटाइलच्या गप्पा मारणारा मोबाइलवरचा ग्रुप सोडायला लावलात, तो त्याहून कडू. दोन्ही बरोबर होते.

परीक्षेच्या दिवशी स्क्रीनवर पहिलाच प्रश्न बैठकव्यवस्थेचा आला आणि हात गार पडले. तुम्ही शिकवलेलं केलं: पाय जमिनीवर टेकवले, श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडला, असं काही वेळा. मग कोर्टाच्या बोर्डासारखं, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या यादीसारखं चालवलं, छोटी प्रकरणं आधी. सामान्य ज्ञान उरकलं, मग कायदा, आणि बैठकव्यवस्थेतली ती आठ माणसं शेवटी गोल बसवली. 120 मिनिटं पुरली.

तुमची फी तुम्ही घेतली नाहीत, म्हणून बाबा दोन पेट्या ठेवून गेले आहेत. परत पाठवू नका, ते ऐकणार नाहीत.

एक वाद मात्र अजून प्रलंबित आहे. तुमचं म्हणणं, मी पुढे न्यायाधीशाची परीक्षा द्यावी. मला मात्र काळा कोट घालून आपल्याच तालुक्याच्या कोर्टात उभं राहायचं आहे. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख द्या, मी तयारीनिशी येते.

तुमची,
पडवीतली विद्यार्थिनी